श्वेतसुवर्णमधल्या न वाजलेल्या अलार्मची हकिकत

दिग्रस,
पौष वद्य पंचमी, शके १९३६
(इंग्रजी तारीख पोस्टाचा शिक्का घालेल. तेवढं तरी काम त्यांना राहू दे.)

फुलसावंगीचे सर्वयंत्रविशारद, माजी जिनिंग-मिस्त्री आणि विद्यमान कुक्कुटपालक मित्रवर्य अय्यूब यांस,

सदाशिवाचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही. सोयीचा असेल तो तू ठेव, उरलेला गौहरभाभींना दे. तुझी साखर, भाभींचा दमा, तुझ्या अब्रारच्या शेतातली तूर आणि इथल्या कापसाच्या जिनिंग मिलच्या जुन्या भोंग्यात अंडी घालणारी ती पिवळी कोंबडी, या चौघांची प्रकृती सविस्तर कळवावी. (मिल बंद पडली तेव्हा कुणी मोटारी नेल्या, कुणी पत्रे नेले, आणि तू तेवढा भोंगा उचललास. जन्मभर यानं मला उठवलं, आता म्हातारपणी हा माझ्या घरी झोपेल, असं म्हणाला होतास. त्याच्या तोंडात कोंबडी संसार थाटेल हे मात्र तुला किंवा मला सुचलं नव्हतं.) इकडे आम्ही उभयता क्षेम आहोत. भागीरथेचा गुडघा जिथे होता तिथेच आहे.

आता तक्रार. ती गंभीर आहे, तेव्हा बसून वाच. गेल्या रविवारी तू फोन केलास आणि बराच वेळ बोललास असं भागीरथा सांगते. माझ्यापर्यंत त्यातलं जे पोहोचलं ते कापसाच्या गादीखालून कुणीतरी बोलावं तसं होतं. अय्यूब, बोरी अरबच्या शाळेत रामः रामौ रामाः तुझ्याइतकं खणखणीत म्हणणारा दुसरा मुलगा नव्हता. जोशी मास्तर माझ्याकडे बघून म्हणायचे, बामणा, त्या मिस्त्र्याच्या पोराकडून विसर्ग शिक. त्याच जिभेनं आज व्यंजनं गिळावीत आणि स्वर अर्धे सोडावेत याचं मला मनापासून दुःख झालं. प्रत्येक वर्णाला मुखात स्थान लागतं आणि प्रयत्न लागतो. तुझं स्थान मला माहीत आहे (फुलसावंगी, पोस्ट तेच). प्रयत्न कमी पडतो आहे. म्हणून हे पत्र. कागदावर तरी तुला उत्तर द्यायला पूर्ण अक्षरं काढावी लागतील.

दोष तुझ्या एकट्याचा नाही, काळाचा आहे. हल्ली कुणीच काही धड वाजवत नाही की बोलत नाही. संस्कृतच्या वर्गात हजेरी घेतो तर पोरं तोंडातल्या तोंडात 'उपस्थित' म्हणतात आणि मी त्यांना गैरहजर मांडतो. भागीरथेनं नवा कुकर घेतला, त्याची शिट्टी म्हणजे मांजराचा सुस्कारा. मागच्या महिन्यात डाळ करपली ती त्या शिट्टीमुळे. यंदा रातकिडेसुद्धा नाहीत, फवारण्यांचा परिणाम असावा. या सगळ्याबद्दल भागीरथेचं मत वेगळं आहे. मी ते विचारलेलं नाही.

असो. मुख्य वार्ता आनंदाची आहे आणि ती सांगताना माझी छाती किंचित फुगली आहे, तेव्हा अक्षर मोठं आलं तर समजून घे. आमची 'श्वेतसुवर्ण' ही इमारत, दिग्रसातली सात मजल्यांची एकुलती एक, आता आग लागल्यास स्वतः ओरडून सांगू शकते. आणि हे घडवून आणणारा सोसायटीचा सचिव तुझा मित्र आहे. (सचिवपद मला हस्ताक्षरामुळे मिळालं. नंतर कळलं की सचिवाला लिहावं कमी आणि भांडावं जास्त लागतं, पण एकदा शाल घेतल्यावर मागे फिरता येत नाही.)

तुला आठवत असेल, घनश्यामसेठांनी ही इमारत कापसाला भाव होता त्या वर्षांत बांधली आणि म्हणून तिला हे नाव दिलं. तेव्हा खेड्याखेड्यांतून माणसं लिफ्ट बघायला येत आणि चपला बाहेर काढून आत शिरत. पुढे कापूस पडला, जिनिंग पडली, सेठही आपल्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर आमच्या समोर राहायला आले. सोनं गेलं, नाव राहिलं. या पार्श्वभूमीवर नगरपरिषदेची नोटीस आली की उंच इमारत नवी असो की जुनी, तिच्यात आगीचा अलार्म पाहिजे, आणि संक्रांत झाली की साहेब स्वतः येऊन वाजवून बघणार. वाजला नाही तर दाखला नाही, आणि दाखला नाही तर पाण्याच्या आणि विजेच्या जोडणीपर्यंत गोष्ट जाऊ शकते.

मी सभा बोलावली. सभेत पहिला मुद्दा सेठांचा. ते म्हणाले, "सर, कायदा झाला नंतर, बिल्डिंग झाली आधी. मोठ्या भावानं लहान भावाचं काहून ऐकाचं?" युक्तिवाद म्हणून तो मला आवडला, तर्कशास्त्राच्या वर्गात मी त्याला गुण दिले असते. मी म्हटलं, सेठजी, आग काही इमारतीचा जन्मदाखला बघून वर चढत नाही. यावर दुसऱ्या मजल्यावरचे मारोतराव उठले. हे मूळचे तुमच्या फुलसावंगीकडचेच. पोरांच्या शाळेसाठी इथे फ्लॅट घेतला आणि पोरं शिकून पुण्याला गेली, फ्लॅट राहिला. भाव येईपर्यंत विकायचा नाही म्हणून त्यांनी यंदाचा सगळा कापूस आतल्या बेडरूममध्ये भरला आहे, खिडकीच्या वरपर्यंत. (लिफ्टमधून गाठोडी वर गेली त्या आठवड्यात सगळी इमारत अंग खाजवत होती. आरशात बघून केस विंचरणाऱ्यांना आपण पिकलो असं वाटत होतं.) मी अर्थातच त्या खोलीकडे बोट दाखवलं. मारोतराव शांतपणे म्हणाले, "कापूस पेटला तं तुमचा अलार्म वाजन, सर. भाव पडला तवा कोन्ता अलार्म वाजला?"

मी तो प्रश्न सभेच्या वहीत उतरवून घेतला. मला याचं उत्तर अजून सापडलेलं नाही, सापडलं तर तुला कळवीन, तू त्यांना कळव.

तरीही ठराव झाला. आणि काम कुणाला द्यायचं हा प्रश्न आला तेव्हा मी तुझ्या तारिकचं नाव सुचवलं, आणि हे मी तुझ्यावर उपकार म्हणून सांगत नाही. बाहेरगावचे दोन जण येऊन गेले. एकानं जिनाच बघितला नाही, दुसऱ्यानं फक्त माझा चहा बघितला. तारिक एकटा सात मजले पायी चढला, प्रत्येक दार वाजवून आत म्हातारं कोण, तान्हं कोण, कोण कुठल्या खोलीत झोपतं ते विचारत गेला. बायकांना वाटलं जनगणना आली. मी त्याला म्हटलं, तुझा बाप मशीनला विचारायचा, तू माणसांना विचारतोस. तो म्हणाला, "चाचा, मशीन झोपत नाही न." तुझं पोर आहे, अय्यूब. बोलतंही तुझ्यासारखंच, फक्त जरा पुटपुटतं. तेवढं त्याला सांग.

मग त्यानं घराघरात छताला डिटेक्टर लावले (उलटी टांगलेली पांढरी वाटी समज, धूर लागला की ही चुगली करते), मजल्यामजल्यावर लाल पेटी लावली, तळमजल्यावर या सगळ्यांचे कान उपटणारं पॅनल बसवलं आणि प्रत्येक मजल्यावर जिन्याशी एकेक हूटर. हूटर म्हणजे तुझ्या भोंग्याचा शहरात शिकलेला नातू. चणीनं लहान, आवाजानं बारीक. आमच्या मजल्यावरचा तर आमच्या दाराच्या चौकटीलाच आहे.

लोकांनी या नवीन पाहुण्यांचं स्वागत आपापल्या परीनं केलं. कापसाचे तंतू आत जाऊन डिटेक्टर बिघडू नये म्हणून मारोतरावांनी त्याला आपली पांढरी टोपी घातली. वर बघावं तर घरातला एखादा पूर्वज छतातून डोकं काढून बघतो आहे असं वाटे. सहाव्या मजल्यावर फोडणीच्या धुराची धास्ती घेऊन एका बाईंनी त्याला दह्याचं रिकामं भांडं बांधलं. मी दारोदार फिरलो, टोप्या उतरवल्या, भांडी सोडवली. टोपी घातलेल्या पहारेकऱ्याला दिसतं, टोपीनं झाकलेल्याला नाही, हे मी इतक्या वेळा म्हटलं की शेवटी दार उघडायच्या आधीच लोक ते म्हणू लागले.

आता उद्घाटन. इथे तू थोडा सरसावून बस, कारण इथे तुझ्या मित्राला शाल मिळते. नवीन यंत्र पूजेशिवाय चालू करायचं नाही हा आपल्याकडचा रिवाज. तू स्वतः दसऱ्याला जिनिंगच्या मशीनला हार घालायचास आणि नारळ मात्र माझ्याकडून फोडून घ्यायचास. तेव्हा पॅनललाही कुंकू लागलं, झेंडूची माळ आली, केळ्यात अगरबत्तीचा अख्खा पुडा खोवला गेला, सेठांनी घरचं पितळी धुपाटणं आणून त्यात हात सैल सोडून धूप घातला, आणि हे सगळं तळमजल्यावरच्या डिटेक्टरच्या बरोब्बर खाली. पौरोहित्य माझ्याकडे. प्रसंगाला साजेसं काय म्हणावं याचा मी दोन दिवस विचार केला होता आणि अग्नीचं आवाहन निवडलं होतं. (ज्याला उंबऱ्याबाहेर ठेवण्यासाठी एवढा खटाटोप केला, त्यालाच मी या, बसा, हे आसन घ्या म्हणत होतो, हे माझ्या लक्षात आलं नाही. कुणाच्याच आलं नाही. संस्कृतचा हा एक फायदा आहे.)

कापूर पेटला, आरती फिरली आणि व्हायचं ते झालं. सगळ्या मजल्यांवरचे हूटर एकदम वाजले. लोकांना वाटलं उद्घाटन झालं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. लिफ्ट नियमाप्रमाणे खाली येऊन दार उघडून उभी राहिली, तिच्यात पंचफुलाबाई, म्हणजे मारोतरावांच्या सौभाग्यवती, प्रसादाचं ताट घेऊन होत्या. लिफ्ट आपल्यासाठी मानानं थांबली असं समजून त्या तिच्यातच प्रसाद वाटू लागल्या. तारिक दोन्ही हात हलवत धुपाटणं उचलून बाहेर पळाला. आणि या प्रलयात एकटा मी, डोळे मिटून, शेवटच्या मंत्राच्या शेवटच्या अक्षरापर्यंत, एक मात्रा न चुकता म्हणत राहिलो. डोळे उघडले तेव्हा लोक माझ्याकडे बघत होते. सेठ म्हणाले, "डोक्यावर हूटर बोंबलून राह्यला अन् सरांची पापणी नाही हालली. याले म्हन्ते साधना." तिथल्या तिथे शाल आणि श्रीफळ. मी विनयानं स्वीकारलं. एकाग्रता ही अभ्यासानं येते, अय्यूब. तुला कशी येणार, तू डोळे मिटलेस की घोरतोस.

फक्त एक गोष्ट सचिव म्हणून मला खटकली. आग लागल्याची सूचना ऐकून आमची इमारत टाळ्या वाजवते. साहेबांच्या समोर असं झालं तर दाखला राहिला बाजूला, साहेब आम्हाला दुसऱ्याच डॉक्टरकडे पाठवतील. म्हणून मी रंगीत तालीम जाहीर केली. रविवारी सकाळी, जेवणाच्या आधी, तारिक अलार्म वाजवील. तो ऐकला की लिफ्ट न वापरता जिन्यानं उतरायचं, काहीही बरोबर घ्यायचं नाही, फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली जमायचं, आणि एकदा खाली आलेल्यानं कुठल्याही कारणानं परत वर जायचं नाही. हे शेवटचं कलम मी फळ्यावर दोनदा अधोरेखित केलं.

त्या रविवारी भागीरथा तिळगुळाच्या कामाला दुसऱ्या मजल्यावर पंचफुलाबाईंकडे गेली होती. मी मात्र घरात, दार लावून, खुर्चीवर ग्रंथ घेऊन बसलो. सचिवानं आधीच दारात उभं राहणं म्हणजे उत्तर बघून पेपर लिहिणं. ठरलेली वेळ झाली. अलार्म वाजला नाही. मी पान उलटलं. आणखी थोडा वेळ गेला, वाजला नाही. मी मनात तारिकसाठी चार वाक्यांचं एक सौम्य भाषण रचलं. ते बांधून होतं तोच दार उघडलं आणि भागीरथा उभी. केस सुटलेले, एक हात गुडघ्यावर, एक हात चौकटीला. ती काहीतरी म्हणाली. धाप लागलेल्या माणसाचे उच्चार स्पष्ट नसणारच, त्यामुळे मी ते सोडून दिलं आणि तिला सांगितलं की अजून वाजलेला नाही, विनाकारण जिना कशाला चढलीस. तिनं माझ्याकडे बघितलं आणि चपलांच्या कपाटावरच बसली.

नंतर मला कळलं की तिच्या वाटेत मारोतराव होते. काही घ्यायचं नाही म्हटलं असताना ते डोक्यावर कापसाचं सर्वात मोठं गाठोडं घेऊन निघाले होते आणि ते जिन्याच्या वळणावर बुचासारखं बसलं होतं. खालून भागीरथा वर यायला बघते, वरून सगळी इमारत खाली, मध्ये गाठोडं. शेवटी मारोतरावांनीच ते डोक्यावरून कठड्यापलीकडे खाली लोटून दिलं. ते एका मजल्याखाली घनश्यामसेठांच्या पाठीवर जाऊन बसलं. सेठांना काही झालं नाही, जन्मभर कापसावर बसलेला माणूस, एकदा कापूस त्यांच्यावर बसला. पण त्याचा एक चांगला परिणाम झाला. मारोतराव दुसऱ्या दिवशी आपण होऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, कापूस खोलीत नाही ठेवत आता. वयनी अटकल्या होत्या माह्या गाठोड्यापाई." सेठांनी बंद जिनिंगमधलं त्यांचं शेड उघडून दिलं आणि बैलगाडीनं कापूस तिकडे गेला. अनेक वर्षांनी त्या फाटकातून कापूस आत शिरला, अय्यूब. मी मुद्दाम बघायला गेलो होतो.

तर मी भागीरथेला घेऊन खाली आलो. कडुनिंबाखाली सगळे जमलेले. अलार्म न वाजताच हे लोक घड्याळ बघून उतरले, ही शिस्त की बेशिस्त यावर मी बोलणार होतो, पण आधी तारिक. मी त्याला सगळ्यांसमोर ते चार वाक्यांचं भाषण ऐकवलं. (पाच झाली.) इमारतीचा विश्वास, वडिलांचं नाव, कामातली कसूर वगैरे. माझ्या शब्दांना असा दरारा मी वर्गातही कधी बघितला नाही. सेठ, मिशीत कापूस घेऊन, स्वतःच्या बुटांकडे बघत होते. तारिकनं भागीरथेकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "हाव चाचा. पाचव्या मजल्याचं कनेक्शन ढिलं होतं. संध्याकाळी करून देतो." चूक कबूल केली, मी क्षमा केली, आणि तालीम संपली.

एकंदरीत, संक्रांतीनंतर साहेब आले की श्वेतसुवर्ण हसतमुखानं सामोरी जाईल. जिना मोकळा आहे, डिटेक्टरच्या डोक्यावर टोपी नाही, लोक टाळ्या वाजवत नाहीत, मारोतरावसुद्धा हात हलवत उतरतात. जिल्ह्यात आमच्यासारखी जुनी इमारत या बाबतीत दुसरी नसेल असं मी म्हणत नाही. लोक म्हणतात, मी फक्त अडवत नाही.

गौहरभाभींना सांग, लिंबाचं लोणचं संपलं आहे आणि बरणी धुऊन ठेवली आहे, याचा अर्थ त्यांना कळेल. अब्रारला आशीर्वाद. तूर बरी पिको, कोंबडी अंड्यावर राहो, तुझे वर्ण आपापल्या स्थानी परतोत.

तुझा,
सदाशिव
(सचिव, श्वेतसुवर्ण. शिक्का आहे, पण शाई वाळली.)

ता. क. तारिकला यातलं काही बोलू नकोस. म्हणजे बोल, पण उलटं बोल. त्या संध्याकाळी तो स्टूल घेऊन आला, दारावरचा हूटर उघडला, मी स्टूल धरलं. त्यानं एक स्क्रू पिळला. तो आधीच घट्ट होता, हे मला खालून दिसलं. मग त्यानं खाली कुणाला तरी हाक मारली आणि हूटरकडे बघत राहिला. मीही बघत राहिलो. काही झालं नाही. तेवढ्यात समोरचं दार उघडून सेठ बाहेर आले, आणि स्वयंपाकघराच्या दारात भागीरथेनं पिठाचे हात कानांवर ठेवले. मी हात वर करून हूटरवर तळवा टेकला. तो थरथरत होता, अय्यूब. हातात धरलेलं पाखरू थरथरतं तसा. मी हात काढला, स्टूल सोडलं नाही. तारिक खाली उतरला आणि म्हणाला, "झालं चाचा, आता ठीक आहे." मी म्हटलं, हो, आता ठीक आहे.

रात्रीच्या जेवणाला मी भागीरथेला विचारलं की तू सकाळी दारात काय म्हणाली होतीस. तिनं वाढता वाढता सांगितलं, "म्या म्हटलं, वाजून राह्यला न."

तेव्हा तुझ्या पोराला सांग, चाचानं पाच वाक्यं परत घेतली आहेत. कडुनिंबाखाली सगळ्यांसमोर पुन्हा म्हणून दाखवायची मला हिंमत होईल तेव्हा होईल. आणि शाल सेठांच्या घरी परत पाठवली तर त्यांनी ती घेतली नाही, थंडी आहे म्हणाले.

ता. क. दुसरा, आणि पत्र खरं यासाठी आहे. तुझा भोंगा पाहिजे. तारिक म्हणतो, माझ्यासारख्याला बारीक आवाज आधी सोडून जातो, जाड आवाज शेवटपर्यंत राहतो. हे खरं असावं, कारण दोन भिंतींपलीकडून सेठांचं घोरणं मला अजून नीट ऐकू येतं. अशा लोकांसाठी जाड आवाजाचे आणि दिव्याची उघडझाप होणारे हूटर मिळतात म्हणे, तो मागवतोही आहे. पण मला नवा आवाज ओळखायला वेळ लागेल. तुझ्या भोंग्यावर मी पंचवीस वर्षं उठलो आहे, तो वाजला की अंथरुणातून पाय आपोआप खाली येतात. तो आमच्या पलंगाच्या वर लावू. वाजला तर अख्ख्या दिग्रसला पहिली पाळी सुरू झाली असं वाटेल, वाटू दे. लोकांना सांगू की सचिवाला खास बहुमान म्हणून दिला. कोंबडीसाठी मी वेताची टोपली पाठवतो, आत कापूस घालून. (तेवढा मारोतरावांनी दिला.) तू स्वतः भोंगा घेऊन ये. फोन करू नकोस. उच्चारांची तक्रार मागे घेतली आहे, त्यात तुझी काही चूक नव्हती. आलास की सोबत यवतमाळला जाऊन कानाच्या डॉक्टरांना दाखवून येऊ. एकट्यानं गेलो तर ते काय म्हणाले ते मला परत येऊन सांगता येणार नाही.

ता. क. शेवटचा. साहेबांची, दाखल्याची, लोकांच्या हसण्याची, कशाची काळजी नाही मला. त्या दिवशी सगळी इमारत खाली उतरत होती आणि तो गुडघा घेऊन भागीरथा एकटी वर चढत होती. दुसऱ्या मजल्यावरून ती आधी खाली आली, कडुनिंबाखाली जमणाऱ्यांत तिनं मला शोधलं, मी नव्हतो. मी तिला नियम वाचून दाखवला, खाली आलेल्यानं परत वर यायचं नाही. ती म्हणाली, "तुमी खाली या, मंग मी कायले वर येतो." तालीम होती म्हणून जिन्यात नुसता कापूस होता. खरी आग लागली तर मला ऐकू येणार नाही, याची मला फार भीती वाटत नाही. ती परत वर येईल, याची वाटते.